आयलंड पीक, नोंद सातवी : मिटनमधला जुमार

सहावी नोंद मी काठमांडूला निघण्याच्या आदल्या रात्री लिहिली होती आणि तिच्या शेवटी "तयारी पूर्ण" असे दोन शब्द ठळक अक्षरांत टाकले होते. त्या नोंदीतले आकडे खोटे नव्हते. बारा किलोची सॅक पाठीवर घेऊन बारी गावातून कळसूबाईचा १,६४६ मीटर उंचीचा माथा मी दोन तास पाच मिनिटांत गाठत होते, साल्हेर एका दिवसात दोनदा चढून उतरले होते आणि अंजनेरीची रविवारची फेरी वर्षभरात फार तर चार वेळा चुकली असेल. तरीही एप्रिलमध्ये मी नेपाळच्या एव्हरेस्ट परिसरातल्या आयलंड पीकच्या शिखराच्या साधारण दीडशे मीटर खालून परतले. पायांनी किंवा दमाने दगा दिला असता तर कदाचित वाईट वाटले नसते, कारण त्यावरचा उपाय ठाऊक आहे. परंतु मला परत फिरावे लागले ते मिटन, म्हणजे चारही बोटे एकाच कप्प्यात राहतात असे जाड हातमोजे, घालून दोरावरची साधी कामे वेळेत न जमल्यामुळे. तो प्रसंग आणि त्यानंतरचा चार महिन्यांचा सराव, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

वाटेचे वर्णन थोडक्यात उरकते. गर्दीच्या हंगामात लुक्ल्याची विमाने काठमांडूऐवजी मंथलीहून सुटतात, त्यामुळे पहिली रात्र जीपमध्येच गेली. लुक्ल्याच्या ५२७ मीटर लांबीच्या उतरत्या धावपट्टीविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. पुढे फाकडिंग, नामचे (३,४४० मीटर) येथे दोन रात्री, देबोचे, दिंगबोचे (४,४१० मीटर) येथे पुन्हा दोन रात्री आणि छुकुंग (४,७३० मीटर) येथे आणखी दोन, असा आमचा क्रम होता. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावी थांबायचे, हा नियम आम्ही जवळजवळ पाळला. छुकुंगहून ५,५४६ मीटरच्या छुकुंग री या टेकडीवर (तिथे तिला टेकडीच म्हणतात!) जाऊन आल्यावर डोके दुखले नाही, तेव्हा विरळ हवेशी आपले जमले, असे मी धरून चालले.

शिखराचे नाव दिंगबोचेला पोहोचल्यावर पटते. तिथून पाहिले की चहूबाजूंच्या हिमनद्यांमध्ये तो डोंगर बेटासारखा एकटा उभा दिसतो. १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेतल्या गिर्यारोहकांनी सरावासाठी त्यावर पहिली चढाई केली आणि त्यांच्यात तेनझिंग नोर्गेही होते. १९८३ मध्ये त्याचे नाव बदलून इम्जा त्से करण्यात आले, तरी चहाच्या दुकानापासून परवान्याच्या बोलण्यापर्यंत सगळीकडे जुनेच नाव ऐकू येते. उंची ६,१८९ मीटर सांगितली जाते, काही नकाशांवर ६,१६० आहे. नेपाळच्या व्यवस्थेत हे "ट्रेकिंग पीक" मानले जाते आणि माझ्या मते आपल्याकडच्या अनेकांची फसगत याच शब्दाने होते. ट्रेकिंग हा शब्द परवान्याच्या वर्गाचा आहे. हेडवॉलवर, म्हणजे शिखराखालच्या बर्फाच्या उभ्या भिंतीवर, उभे राहिल्यावर तिथे ट्रेकिंगचा मागमूस नसतो.

छुकुंगला एक चूक झाली आणि ती सर्वस्वी माझी होती. वजन वाचवण्यासाठी मी डबल बूट (आत-बाहेर दोन थरांचे), हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) आणि जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी हातातली पकड) तिथल्या एका दुकानातून भाड्याने घ्यायचे ठरवले होते. बूट दोन जोड मोज्यांसह घालून पाहिले, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे बर्फातले काटे) त्यांवर घट्ट बसतात का तेही तपासले, मात्र जुमार नुसता हातात धरून "ठीक आहे" म्हटले. तो डाव्या हाताचा होता. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर मी आयुष्यभर उजव्या हाताचा जुमार वापरला आहे. ज्यांनी कधी हात बदलून पाहिला नसेल त्यांना हा फरक क्षुल्लक वाटेल, पण जुमारचा खटका अंगठ्याने दाबून मागे ओढायचा असतो, आणि हात बदलला की तो अंगठ्याऐवजी बोटांच्या बाजूला येतो. हे किती नडते ते माझ्या लक्षात आले तेव्हा पहाटेचे सात वाजून गेले होते आणि दुकान हजार मीटरहून अधिक खाली होते.

बेस कॅम्पवरून (५,०८७ मीटर) आम्ही रात्री सव्वा वाजता निघालो. आदल्या संध्याकाळी बोटाला लावलेल्या यंत्राने रक्तातला ऑक्सिजन ७९ टक्के दाखवला होता आणि आमच्या शेर्पा मार्गदर्शकाच्या मते तो चांगला होता. हेडलॅम्पच्या उजेडात खडकांतली चढण, मग क्रॅम्पॉन चढवून हिमनदी, तिच्यातल्या भेगांवर आडव्या टाकलेल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या शिड्या, हे सगळे मंद गतीने पण बिनबोभाट पार पडले. मार्गदर्शक माझ्यापेक्षा बराच लहान असल्याने मी त्याला भाइ म्हणत होते. तो दर वीस पावलांनी मागे वळून "बिस्तारै, दिदी, बिस्तारै" (हळू, ताई, हळू) म्हणत होता. हेडवॉलच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटे झाली होती. साडेआठला जिथे असू तिथून परत फिरायचे, हे आदल्या दिवशीच ठरले होते.

ती भिंत सुमारे शंभर मीटरची आहे. वरपासून खालपर्यंत फिक्स रोप बांधलेला होता आणि त्याला टप्प्याटप्प्याने अँकर, म्हणजे दोर भिंतीत पक्का केलेल्या जागा, होत्या. प्रत्येक अँकरपाशी करायचे काम कोणत्याही प्रस्तरारोहकाला झोपेत जमावे असे आहे: आधी सुरक्षेचा कॅरॅबिनर (उघडमीट होणारी धातूची कडी) अँकरच्या वरच्या दोरात अडकवायचा, मग जुमार खालच्या दोरातून सोडवून वर लावायचा, आणि दोन्ही एकाच वेळी दोराबाहेर येणार नाहीत याची खात्री ठेवायची. थिजलेला दोर नळासारखा कडक झाला होता. पहिल्या अँकरवर मला कॅरॅबिनरच उघडेना, कारण पायथ्याशी मी त्याचे तोंड बंद ठेवणारी फिरती चकती सवयीने गच्च आवळली होती आणि ती तशीच गोठली होती. दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवायची ती चकती मिटनमध्ये सापडतच नाही. हाताला फक्त "इथे काहीतरी कठीण आहे" एवढेच कळते. मी दातांनी मिटन काढले, आतल्या पातळ हातमोज्याने चकती फिरवली, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात बोटांच्या टोकांची जाणीव गेली. मिटन पुन्हा घालून ती परत येईपर्यंत थांबावे लागले. भाइच्या सॅकला लटकणारा छोटा थर्मामीटर उणे सोळा दाखवत होता.

दुसऱ्या अँकरवर जुमारचा खटका आडवा आला. तिसऱ्यावर जुमारच्या दात्यांत बर्फाचा चुरा भरला होता, त्यामुळे भार टाकला की तो हातभर खाली घसरत होता. भाइने वर येऊन आपल्या मिटनच्या कडेने एका फटक्यात तो झाडून दिला. त्याचे हात पाहत राहावेत असे होते. त्याने एकदाही मिटन काढले नाही, कॅरॅबिनरकडे पाहिलेसुद्धा नाही, नजर माझ्या तोंडावर आणि हात आपोआप आपल्या कामात. मला एका अँकरला सहा ते सात मिनिटे लागत होती आणि माझ्यामागे दोरावर सात जण ताटकळत उभे होते. त्यांच्यापैकी कोणीही घाई केली नाही, ही त्यांची सभ्यता. अजून तीन अँकर आणि त्यावरची अरुंद धार शिल्लक होती. गणित सोपे होते. "दिदी, आज यहीं तक," असे भाइ म्हणाला तेव्हा आठ वाजून पंचवीस मिनिटे झाली होती आणि माझ्या मनगटावरचे घड्याळ ६,०४० मीटर दाखवत होते. हवेच्या दाबावरून काढलेल्या त्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही, तरी तो वहीत लिहून ठेवला आहे.

उतरताना मात्र एक गोष्ट बरोबर झाली आणि ती नोंदवायला हवी, कारण सह्याद्रीत ती आपण बहुधा करत नाही. फिगर ऑफ एट (दोरावरून उतरण्याचे, एक मोठे आणि एक लहान कडे असलेले साधन) हार्नेसपासून सुटा करून दोरात ओवायचा आणि मग पुन्हा अडकवायचा, ही आपली सवय. मिटनमधून तो निसटला तर थेट हिमनदीत जाईल. त्याऐवजी त्याचे मोठे कडे आधीच हार्नेसच्या कॅरॅबिनरमध्ये अडकवलेले ठेवायचे, तसेच अडकलेले असताना दोराचा फास त्या कड्यातून काढून लहान कड्यामागे टाकायचा, आणि शेवटी मोठे कडे सोडवून लहान कडे कॅरॅबिनरमध्ये घ्यायचे. दोर ओवलेला असल्यामुळे तो क्षणभर सुटला तरी पडत नाही. हे भाइने बेस कॅम्पवर दुपारी तीनदा करून घेतले होते. जुमारचा सरावही तेव्हा झालाच होता, पण उघड्या हातांनी आणि उन्हात.

परतीच्या वाटेवर इम्जा सरोवराच्या कडेने चालताना मी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले. पहिली चढाई झाली त्या काळात या जागी केवळ हिमनदी आणि तिच्यावरची थोडी डबकी होती. बर्फ वितळून पुढे एवढे मोठे सरोवर झाले की बांध फुटून खालच्या गावांना धोका होऊ नये म्हणून २०१६ मध्ये नेपाळी लष्कराने त्याची पातळी तीन मीटरहून अधिक खाली आणली. शिखरावरून आलेल्यांनी ल्होत्सेच्या दक्षिण कड्याचे वर्णन ऐकवले. माझ्या वाट्याला सरोवर आले.

आता सरावाविषयी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे आणि मे महिन्यात इथे उणे सोळा अंश मिळण्याची शक्यता नाही, परंतु घरगुती फ्रीजरमध्ये साधारण उणे अठरा मिळतात. जुमार, दोन कॅरॅबिनर आणि फिगर ऑफ एट मी रात्री फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवू लागले. दोर भिजवून गोठवायला मोठी जागा हवी होती, ती कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या काकांनी आइस्क्रीमच्या पेटीत दिली, आणि वर दर वेळी "ताई, दोराला कोणता फ्लेवर?" हा विनोदही ऐकवला. आमच्या इमारतीच्या जिन्यात चौथ्या मजल्यापासून गच्चीपर्यंत कठड्याला हा दोर बांधून मधे बटरफ्लाय गाठींचे तीन अँकर केले. जिन्याचा उतार हेडवॉलच्या मानाने कमी आहे आणि पडण्याची भीती नाही. मात्र मला भीतीचा सराव करायचाच नव्हता, बोटांचा करायचा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशी काकूंनी पहिल्या दिवशी वर येऊन विचारले, "अगं, कडाक्याच्या उन्हात हे थंडीचे हातमोजे घालून कठड्याला काय बांधून घेतलं आहेस?" आता त्या हातात स्टॉपवॉच धरून पायरीवर बसतात आणि मी मिटन काढलेले पकडले की वेळ बाद ठरवतात.

सुरुवातीला एका अँकरला सरासरी दोन मिनिटे पन्नास सेकंद लागत होती, म्हणजे जमिनीवर, पोटभर ऑक्सिजन असतानाही. त्यात पहिली मोठी सुधारणा सरावाने झाली नाही, सामानातल्या तीन बदलांनी झाली. चकतीचा कॅरॅबिनर काढून मिटनने दाबता येईल असा, आपोआप बंद होणारा मोठा कॅरॅबिनर घेतला. जुमारच्या खटक्याला चार मिलिमीटर दोरीचा छोटा फास बांधला. तो मिटनच्या अंगठ्यात सहज अडकतो आणि ओढला की खटका मागे येतो. दोन्ही मिटनना मनगटाशी इलॅस्टिकचे फास शिवले, जेणेकरून काढावे लागलेच तर ते हाताला लोंबकळत राहतील आणि दातांत धरावे लागणार नाहीत. त्यानंतर आकडे उतरत गेले: जूनच्या मध्याला एक मिनिट दहा सेकंद, जुलैअखेर अठ्ठेचाळीस सेकंद, गेल्या आठवड्यात अडतीस. डोळे मिटून पंचावन्न.

खरी परीक्षा वेगळी आहे. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि तिथे हातांबरोबर डोकेही मंदावते. त्याची नक्कल करायची म्हणून मी तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत तीनदा धावत चढते आणि धाप लागलेली असतानाच पहिल्या अँकरला हात घालते. तेव्हा अडतीसचे चौसष्ट होतात, शिवाय दहातल्या एखाद्या वेळी क्रम चुकतो, म्हणजे सुरक्षेचा कॅरॅबिनर वर अडकवण्याआधीच मी जुमार सोडवू पाहते. ही चूक मला वेळापेक्षा जास्त खुपते. म्हणून सध्या प्रत्येक कृती मोठ्याने बोलून करायची सवय लावत आहे: "कॅरॅबिनर वर. ओढून पाहिला. आता जुमार." पावसाळ्यात कातळावर जाण्याचा प्रश्नच नसल्यामुळे सप्टेंबरच्या शेवटी ऊन पडेपर्यंत जिनाच माझी हेडवॉल आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा निघायचे आहे, त्याच भाइबरोबर. उजव्या हाताचा माझा स्वतःचा जुमार या वेळी सॅकमध्ये असेल. तरीही तो हरवला, तुटला किंवा उजवा हातच बधिर झाला तर काय, हा प्रश्न काकूंनी मागच्या रविवारी विचारला आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. एका मित्राकडून डाव्या हाताचा जुमार मागून आणला आहे. तो आज रात्रीपासून फ्रीजरमध्ये आहे. काल न गोठवता, न धावता, त्यावर एका अँकरला एक मिनिट एकतीस सेकंद लागली.