पांढरी तीनची बासरी आणि पावसाळा

१५ जून, डोंबिवली. पाऊस सुरू झाला आणि माझी पांढरी तीनची बासरी (जिचा सा हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) रुसली. वीसेक मिनिटं ठीक चालतं, मग मंद्र पंचमात, म्हणजे सगळी छिद्रं झाकून येणाऱ्या सर्वांत खालच्या सुरात, फसफस मिसळायला लागते. ओठ दमले असतील म्हणून आठवडाभर दुर्लक्ष केलं. आज आरशासमोर बसले तेव्हा दिसलं: मुखरंध्राच्या (फुंकायच्या छिद्राच्या) ज्या कडेवर फुंकर दुभंगते, नेमका तिथेच थेंब. बोटाने टिपला, सूर स्वच्छ!

ही थुंकी नव्हे, हे घरच्यांना पटवताना नाकी नऊ आले. श्वास उबदार, वाफेने भरलेला, आणि बांबू गार. चहाच्या झाकणाला आतून पाणी सुटतं, तसंच हे. आता आधी पाच मिनिटं बासरी पदराखाली धरून बसते. सुरालाही बरं पडतं, कारण आतली हवा एक अंश गार असली की सूर सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरतो.

२ जुलै. मोहरीचं तेल जरा सढळ हाताने ओतलं. चूक. वरचं टोक बंद करणाऱ्या बुचापाशी साचून धुळीचा चिकट लगदा झाला, वर वास. तेलाने ओल वाळत नाही, फक्त बांबू पाणी कमी पितो. म्हणजे आधी कोरडी करायची, मग फडक्यावर चार थेंब, बस्स.

२० जुलै. आत पांढरी बुरशी! दोष रेक्झिनच्या कव्हरला दिला, कारण रियाज संपला की ओलीच त्यात कोंबत होते. पण बुरशी फक्त वरच्या टोकाला का? शेवटी पुसायची काठी मोजली: २२ इंच. उघड्या टोकापासून मुखरंध्र २६ इंचांवर. म्हणजे दोन वर्षं मी खालचा भाग चकचकीत पुसत होते आणि जिथे श्वास शिरतो, ती वरची चार इंचं तशीच ओली राहत होती. (हसू नका, तुमचीही काठी मोजा.) आता तीन फुटांची वेताची काठी, टोकाला जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधलेलं. ते आत सुटून अडकलं तर बूच काढावं लागेल, म्हणून गाठ दोनदा ओढून बघते.

८ ऑगस्ट. मध्ये एकदा पुसलं की पाऊण तास फसफस नाही. रियाजानंतर बासरी रात्रभर कव्हरबाहेर, सावलीत. उन्हात किंवा पंख्याखाली नाही. एका बाजूने भरभर वाळला की बांबू तडकतो. बासरीवर गुंडाळलेले दोरे सध्या घट्ट आहेत, कारण बांबू फुगलाय. थंडीत सैल पडतील, तेव्हा नव्याने गुंडाळायचे. मेणाचा दोरा आणून ठेवलाय.