जुन्या बंदरांचे फोटो, डिमेन्शियासाठी कॅलेंडर

डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत म्हणून कोकणातल्या जुन्या गावफोटोंचं कॅलेंडर काढायचं ठरलं की सगळे आधी देवळं आणि किल्ले सुचवतात. ते खपतातही. पण तेच कॅलेंडर रुग्णाच्या हातात उपयोगी पडायला हवं असेल, तर निवड वेगळी लागते.

म्हातारपणी सगळ्यांत घट्ट उरतात त्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी. आज ऐंशीला टेकलेल्या आजीसाठी हा काळ १९५५ ते १९७५ चा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती १९९८ साली. त्याआधी, त्या काळात, मुंबई गाठायची ती बोटीने नाहीतर एसटीने. म्हणून बोटीतून उतारूंना किनाऱ्यावर आणणारा पडाव, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी माणसं, एसटीच्या टपावर चढलेल्या ट्रंका, भातलावणी, विहिरीवरचा रहाट असे फोटो शोधा. माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा कामं आणि जागा बऱ्या, कारण चेहरा ओळखता आला नाही की रुग्ण ओशाळतो. गेलेल्या नवऱ्याचा फोटो अचानक समोर आला, तर ते दुःख काहींना नव्याने होतं.

एका पानावर एकच फोटो, त्यात एकच ठळक गोष्ट. कृष्णधवल फोटो संगणकावर रंगवू नका. पडावाचा किंवा लुगड्याचा रंग चुकला, तर जिला तो खरा ठाऊक आहे तिचाच गोंधळ होतो.

खरी मेहनत स्कॅनिंगची. आपल्याकडच्या दमट हवेत माजघराच्या भिंतीवरचे फोटो काचेला चिकटतात. ते ओढून काढायला गेलात तर चित्राचा थर काचेवर राहतो, हातात नुसता कागद येतो. काचेसकटच स्कॅन करा. त्यासाठी जुना, जाड सीसीडी स्कॅनर मिळवा. हल्लीच्या पातळ सीआयएस स्कॅनरला काचेच्या जाडीएवढं अंतरही धूसर दिसतं. बुरशीचे पांढरे ठिपके ओल्या फडक्याने पुसू नका. फोटोवरचं जिलेटिन पाण्याने सुटतं. कोरड्या, मऊ ब्रशने अंगणात झटका. हे काम पावसाळ्यात काढूच नये, दिवाळीनंतर घ्यावं.

सहा बाय नऊ सेंटिमीटरचा फोटो ए-४ पानभर छापायचा तर ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरत नाही, १२०० ठेवा आणि टिफ (TIFF) फाइलमध्ये साठवा. शक्यतो ज्याचा फोटो त्याच्याच घरी स्कॅन करा. मागे खूण करायचीच तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. कॅलेंडरचा कागद मॅट हवा, चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड पडला की वयस्कर डोळ्यांना चित्रच दिसत नाही. मथळा निदान २४ पॉइंटचा, दोन-तीन शब्दांचा.

फोटो दाखवायची वेळ सकाळची बरी. कलत्या उन्हाला बरेच रुग्ण अस्वस्थ होतात. आजीच्या पाठीमागून उजेड येईल असं बसा. वीस मिनिटं पुष्कळ झाली. ‘ओळख बघू, हे काय?’ म्हटलं की परीक्षा होते. त्यापेक्षा आपणच सुरुवात करावी: ‘आजी, ह्यो पडाव. बोटीतून उतरताना भिजाक होई काय गो?’ हो-नाहीवर भागतं, पुढचं सुचलं तर ती बोलेल. तिने गाव किंवा साल चुकीचं सांगितलं तरी दुरुस्त करायचं नाही. डोळ्यांत पाणी आलं तर हात धरावा, जरा वेळाने पान उलटावं. शेजारी कोकमं किंवा काथ्याचा तुकडा ठेवलात तर फार मदत होते, वासाने आणि स्पर्शानेही आठवण जागी होते.

विक्रीसाठी गणपतीचे दिवस धरा. चाकरमानी गावात असतात, आणि २१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिनही आसपासच येतो. संस्थेचं नाव छापण्याआधी तिची लेखी परवानगी घ्या, फोटोच्या मालकाची आणि छायाचित्रकाराची किंवा त्याच्या वारसांचीही. कॅलेंडरची किंमत म्हणजे देणगी नव्हे. ज्यांना आयकर सवलतीसाठी पावती हवी त्यांनी संस्थेलाच वेगळी रक्कम द्यावी, आणि २००० रुपयांवर असेल तर रोखीने देऊ नये, सवलत मिळत नाही. प्रत्येक गठ्ठ्यातल्या काही प्रती विक्रीतून वगळून संस्थेच्या केंद्रात आणि रुग्णांच्या घरी पोचवा.