ल्युव्हन ते लुव्हँ-ला-नव्ह : वाटणीत निघालेलं विद्यापीठ

बेल्जियमची भाषिक फाळणी समजून घ्यायची तर ब्रसेल्समधली संग्रहालयं पालथी घालण्यापेक्षा मी डचभाषक ल्युव्हन ते फ्रेंचभाषक लुव्हँ-ला-नव्ह हा एका दिवसाचा रेल्वेप्रवास सुचवेन. मंगळवार ते गुरुवारमधला दिवस धरा. सोमवारी लुव्हँ-ला-नव्हची संग्रहालयं बंद असतात आणि शुक्रवारी संध्याकाळी विद्यार्थी बॅगा ओढत घरी निघाले की लुव्हँ-ला-नव्ह ओस पडतं.

सुरुवात ल्युव्हनच्या लाडुझे चौकातल्या ग्रंथालयापासून करा. विद्यापीठ १४२५ चं, ही इमारत मात्र १९२८ ची. जुन्या ग्रंथालयाला जर्मन सैन्याने ऑगस्ट १९१४ मध्ये आग लावली, सुमारे तीन लाख पुस्तकं गेली. नवी वास्तू अमेरिकन देणग्यांतून उभी राहिली. देणगी देणाऱ्या शाळा-कॉलेजांची नावं भिंतींच्या दगडांवर कोरलेली आहेत, ती वाचायला वेळ ठेवा. मे १९४० मध्ये ही नवी वास्तूही जळाली. मनोऱ्याचे जिने बरेच आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर चौकातूनच पाहा.

दोन आगींतून सावरलेला संग्रह शेवटी भाषेने फोडला. १९६२-६३ च्या कायद्यांनी भाषासीमा आखली आणि ल्युव्हन डचभाषक फ्लांडर्समध्ये आलं. विद्यापीठाचा फ्रेंच विभाग तिथेच राहणार, असं या कॅथलिक विद्यापीठाची सूत्रं हाती असलेल्या बिशपांनी मे १९६६ मध्ये जाहीर केल्यावर फ्लेमिश विद्यार्थी ‘वालोन (म्हणजे फ्रेंचभाषक) लोकांनो, चालते व्हा’ म्हणत रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी १९६८ मध्ये याच प्रश्नावर सरकार पडलं. मग विद्यापीठाचे दोन भाग झाले, फ्रेंच भाग लुव्हँ-ला-नव्हला गेला. मग पुस्तकांची वाटणी. ज्यांच्या मालकीचा निकाल लागेना, त्यांचे बोधांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारे क्रमांक) पाहिले: विषम ल्युव्हनला, सम फ्रेंचांना. एकाच नियतकालिकाचे खंडही दोन गावांत विखुरले असं सांगतात, पण ती दंतकथा. अशा मालिकेला एकच बोधांक असतो, त्यामुळे ती एकत्रच राहिली. 

आता गाडी. तिकीट ल्युव्हनहूनच लुव्हँ-ला-नव्हपर्यंतचं काढा. गाडीत काढलं तर जादा पैसे पडतात. ओतिन्यीला गाडी बदलायची. जलद गाडीच्या मोहात ब्रसेल्समार्गे जाऊ नका, कारण पाहण्यासारखं आहे ते या साध्या पॅसेंजरच्या मार्गावर. सिंट-योरिस-वेर्त सोडलं की पुढचं स्टेशन पेक्रो. या दोहोंच्या मध्ये भाषासीमा आहे. तिथून पाट्या आणि घोषणा फ्रेंच. पेक्रोला २७ मार्च २००१ रोजी एक रिकामी गाडी लाल सिग्नल ओलांडून चुकीच्या रुळावरून आली आणि समोरच्या प्रवासी गाडीवर आदळली. आठ जण गेले. याच मार्गावरच्या व्हाव्र स्टेशनच्या सिग्नलमनने ल्युव्हनला फोन केला होता, पण एक फ्रेंच बोलत होता, दुसरा डच. दोघांना एकमेकांचं कळलं नाही.

लुव्हँ-ला-नव्हची पायाभरणी १९७१ ची. काँक्रीटच्या भल्यामोठ्या चबुतऱ्यावर पायी चालण्याचं गाव, मोटारी आणि रेल्वे त्याच्या पोटात. त्यामुळे स्टेशनातून वर आल्यावर दिशा हरवते. चढाचे रस्ते धरून फिरा, गाव लहान आहे. टिनटिनकार एर्जेंचं संग्रहालय सगळे पाहतात. मला मात्र म्युझे एल हे विद्यापीठाचं संग्रहालय जास्त मोलाचं वाटतं. ते जुन्या विज्ञान ग्रंथालयाच्या इमारतीत आहे आणि ते उघड्या काँक्रीटचं धूड पाहिलं की घाईने नवं विद्यापीठ उभारणाऱ्यांची जिद्द कळते.

परतताना ओतिन्यीला एक घोळ होतो. फ्रेंचमध्ये ल्युव्हनचं नाव ‘लुव्हँ’, म्हणजे फलाटावरच्या बोर्डवर दोन्ही गावं ‘लुव्हँ’नेच सुरू होतात. नुसतं पहिलं नाव वाचून चढलात तर पुन्हा लुव्हँ-ला-नव्हला पोचाल. व्हाव्रमार्गे जाणारी गाडी पकडा.