तुम्ही विचारलंत म्हणून: मामा, ते कपडे कधी घालणार?

ठाण्यात मी दर मे महिन्यात मुलांचं नाट्यशिबिर घेतो. मुलांना सोडायला आलेले आईबाबा एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, तुम्ही स्वतः पॉवर रेंजर्स बघत मोठे झालात म्हणता, मग त्याचा २०१७ चा सिनेमा मुलांना नको असं का सांगता?" गेटवरच्या घाईत धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

पॉवर रेंजर्स म्हणजे रंगीबेरंगी सूट आणि हेल्मेट चढवून राक्षसांशी लढणाऱ्या पाच जणांची मालिका; आमच्या लहानपणी ती केबलवर हिंदीत लागायची. तिच्या 'एसपीडी' नावाच्या पर्वात 'एसपीडी इमर्जन्सी' अशी आरोळी दिली की अंगावर सूट, डोक्यावर हेल्मेट. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही कंपासपेटी उघडून तीच आरोळी द्यायचो. पाच जणांत मुखवटा एकच, जांभळी नाक्यावरून आणलेला, लाल. त्याचं रबर तुटलं तेव्हा आईने पायजम्याची नाडी ओवून दिली होती. आत घामाचा आणि प्लॅस्टिकचा वास यायचा, भोकांतून समोरचं जेमतेम दिसायचं. तळमजल्यावरच्या मुलीला सगळे म्हणायचे, 'तू मुलगी, तू गुलाबी हो.' पण तिचा नंबर आला आणि तिने मुखवटा चढवला की ती लाल रेंजर असायची, आमची म्होरकी. मग तिच्यापुढे कुणाची ब्र काढायची छाती व्हायची नाही.

मुळात मालिकाच मुखवट्यावर उभी होती. १९९३ साली ती अमेरिकेत सुरू झाली तेव्हा मारामारीची बरीचशी दृश्यं जपानच्या 'सुपर सेंटाई' मालिकेतून घेतलेली होती. तोंडं झाकलेली, त्यामुळे हेल्मेटच्या आत कोण आहे ते कळायचंच नाही. बिनहेल्मेटचे प्रसंग तेवढे अमेरिकी नट घेऊन नव्याने चित्रित केले. जपानी मालिकेतला पिवळा वीर पुरुष होता; तीच दृश्यं वापरून अमेरिकेत ती मुलगी झाली. आमच्यापर्यंत येताना त्यावर हिंदी आवाज चढला. एवढे थर असूनही नौपाड्यातल्या पोरांना ते आपलं वाटायचं, कारण त्या हेल्मेटमध्ये कुणीही मावत होतं. जव्हार-मोखाड्याकडे, म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्यात आणि आताच्या पालघरात, बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. सोंग चढवून माणूस नाचायला लागला की तो अमक्याचा मुलगा राहत नाही, देव होतो. मला या दोन्हींची जातकुळी एकच वाटते.

सिनेमाने नेमकं हेच टाकून दिलं. त्या वर्षी पाडव्याच्या आधीच्या रविवारी मी सहा वर्षांच्या भाच्याला घेऊन गेलो होतो. सिनेमा दोन तासांहून थोडा मोठा. त्यात शाळेतल्या शिक्षा, घरातले ताण, एका मुलीने मैत्रिणीचा खासगी फोटो पुढे पाठवल्याचा पश्चात्ताप. मध्यंतरापर्यंत भाच्याने तीनदा विचारलं, "मामा, ते कपडे कधी घालणार?" नंतर त्याने विचारणंच सोडलं, आणि ते मला जास्त लागलं. पाचही जण सूट घालून एकत्र उभे राहिले तेव्हा सिनेमा संपत आला होता. त्यातही आपापल्या यंत्रात बसल्यावर नटांचे चेहरे दिसावेत म्हणून हेल्मेटं पुढून उघडी.

मेगाझॉर्डचं तर मी अजून विसरलेलो नाही. जुन्या भागांत रेंजर्सच्या प्राण्यांसारख्या पाच यंत्रांतून तो राक्षसी रोबो डोळ्यांसमोर जोडला जायचा: टायरॅनोसॉरसचं धड, मॅस्टोडॉनचे हात, ट्रायसेराटॉप्स आणि सुळेवाल्या वाघाचे पाय, छातीवर टेरोडॅक्टिल. तीच चित्रफीत पुन्हापुन्हा यायची आणि आम्ही दर वेळी श्वास रोखून बघायचो. पाच वेगळी माणसं एक कशी होतात, ते आम्हाला त्यात दिसत होतं. सिनेमात पाचही यंत्रं आगीच्या खड्ड्यात ढकलली जातात आणि जोडून झालेला रोबो थेट वर येतो. जोडणी दिसतच नाही.

सगळं वाईट होतं असं नाही. आर. जे. सायलर या नटाने ऑटिस्टिक बिली, म्हणजे निळा रेंजर, फार मायेने उभा केलाय, आणि शेकोटीभोवती पाचही जण बोलतात तो प्रसंग मला मनापासून आवडला. मुलांच्या गोष्टीत दुःख असू नये असं मी कधीच म्हणणार नाही. शिबिरातली मुलं किती काय काय मनात घेऊन येतात ते मी रोज बघतो. पण करणाऱ्यांना मूळ खेळाचीच लाज वाटत होती असं मला पूर्ण वेळ जाणवत राहिलं. ज्या गाण्यावर आम्ही गच्चीभर धावायचो, तेसुद्धा काही सेकंद वाजून थांबलं.

परत येताना रिक्षात भाच्याने विचारलं, "मामा, तो मोठा रोबो जोडला कुणी?" मग मी त्याचे हात-पाय धरून एकेक प्राणी जोडायला घेतला. नितीन कंपनीपासून सुरुवात केली, तीन हात नाक्याच्या सिग्नलला टेरोडॅक्टिल छातीवर बसलं. घरापाशी उतरताना त्याने माझा रुमाल मागून घेतला आणि नाकावरून घट्ट बांधला.