शेवाळात मावणारा सॅलॅमँडर

पावसाळ्यात आंबोलीला गेलो की दगडांवरचे शेवाळे न्याहाळत बसण्याची मला सवय आहे. त्यात सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा शेपटीवाला उभयचर, दिसणार नाही हे ठाऊक असते, कारण सह्याद्रीत हा प्राणी नाहीच. भारतात तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे आढळतो, आणि तोही जवळजवळ वीतभर लांबीचा. मला ज्याचे वेड आहे तो थोरियस हा सॅलॅमँडरांचा चिमुकला गट मात्र दक्षिण मेक्सिकोतील, ओआहाका आणि व्हेराक्रूझकडच्या ढगांत बुडालेल्या डोंगरांचा रहिवासी. शेवाळे, कुजके ओंडके आणि पालापाचोळा हेच त्याचे घर. त्याच्या काही जातींतील प्रौढांची लांबी, शेपटी वगळली तर, दोन सेंटिमीटरही भरत नाही.

एवढे लहान होणे म्हणजे मोठ्या प्राण्याची छोटी प्रतिकृती होणे नव्हे. सॅलॅमँडरच्या पेशींत जनुकीय द्रव्य अफाट असते, त्यामुळे पेशी मोठ्या असतात, आणि शरीर आक्रसले तरी पेशी त्या प्रमाणात आक्रसत नाहीत. मग जागेसाठी तडजोडी सुरू होतात: डोळे आणि अंतर्कर्ण कवटीचा मोठा भाग व्यापतात, माथ्यावरची हाडे पुरती जुळत नाहीत, आणि बऱ्याच जातींत वरच्या जबड्याच्या कडेचे दात येतच नाहीत. सर्वांत नवलाची गोष्ट रक्ताची. थोरियसच्या पुष्कळ तांबड्या पेशींना केंद्रक नसते. सस्तन प्राण्यांत हे नेहमीचे, उभयचरांत मात्र विरळा. मोठ्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांतून सरकाव्यात म्हणून ही सोय झाली असावी, असे मानले जाते.

त्याला फुप्फुसे नाहीत. तो त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून श्वास घेतो, आणि त्यासाठी अंग सदैव ओले राहावे लागते. अंडीही तो पाण्यात घालत नाही. ती जमिनीवरच्या ओलाव्यात वाढतात आणि त्यांतून थेट चिमुकला सॅलॅमँडर बाहेर पडतो. (आपल्याकडच्या काही झुडपी बेडकांनीही डबक्याला अशीच रजा दिली आहे.) ढग हेच त्याचे तळे, आणि शेवाळे ते धरून ठेवते.

डोंगरमाथे एकमेकांपासून तुटलेले असल्याने बऱ्याच जाती एखाद्याच डोंगरापुरत्या उरतात. २०१६ मध्ये ओआहाकातून आणखी तीन जातींची नोंद झाली, पण थोरियसच्या बहुतेक जाती आज धोक्यात आहेत. मेक्सिको आणि ग्वाटेमालातील ज्या उतारांवर १९७० च्या दशकात सॅलॅमँडर विपुल सापडत, तिथे पुढे कित्येक ठिकाणी ओंडके उलटूनही हाती काही लागले नाही. आणि यांतील काही उतारांवर तर जंगल जागच्या जागी उभे होते.