अ‍ॅटॉमिक फोरला इलेक्ट्रॉनिक इग्निशन: एप्रिल ते जुलैची नोंद

आमची होडी सी अँड सी २७. शिडाची, सत्तरच्या दशकातली, मुक्काम कॅनडात, ओंटारिओ सरोवरावरच्या पोर्ट क्रेडिटला. पोटात मूळचंच युनिव्हर्सल अ‍ॅटॉमिक फोर: चार सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, ३० हॉर्सपॉवर, पेट्रोलवर चालणारं. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या कारखान्यात १९४७ पासून १९८४ पर्यंत ही इंजिनं बनली, म्हणून उत्तर अमेरिकेच्या धक्क्यांवर अजून बरीच भेटतात. लोक ती काढून डिझेल बसवतात. मला हे इंजिन ठेवायचं आहे. इतकं शांत चालणारं इंजिन या आकारात मी दुसरं ऐकलेलं नाही.

गेल्या सप्टेंबरात बंदराच्या तोंडाशी त्याने मिसिंग मारायला सुरुवात केली आणि गिअर काढताच बंद पडलं. तापलेलं होतं, पुन्हा घेईना. पुढचं शीड उघडून कसेबसे आत आलो. पेट्रोल येत होतं, करंट येत नव्हता. त्याच रात्री ठरवलं, सीबी पॉइंट (उघडमीट करून ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच) काढायचे आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवायचं.

एप्रिल

होडी अजून जमिनीवर, ताडपत्रीखाली. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना करंट वाटणारा आणि पॉइंट पोटात असलेला भाग, डेल्को कंपनीचा निघाला. याच इंजिनावर प्रेस्टोलाइटचाही येतो आणि दोघांची किट वेगळी, तेव्हा ऑर्डर देण्याआधी झाकण उघडून खात्री करा. प्लगच्या वायरींचा फोटोही आधीच काढून ठेवा. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम, १-२-४-३ आहे, आणि गाड्यांवर काम केलेल्या माणसाचा हात आपोआप १-३-४-२ कडे जातो.

पॉइंट बाहेर काढून उजेडात धरले. एका बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा, दुसऱ्या बाजूला तेवढाच उंचवटा. गॅप असायला हवा साधारण ०.०२० इंच, फिलर गेजची ०.०१२ ची पट्टी जेमतेम गेली. पॉइंट उघडणारी फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं. इंजिन २,००० आरपीएमवर असताना डिस्ट्रिब्युटर १,००० वर फिरतो, म्हणजे ते एवढेसे पॉइंट मिनिटाला ४,००० वेळा उघडतात. पुण्याला दर महिन्या-दोन महिन्यांनी बाबा बजाज १५० स्कूटरच्या मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंटमध्ये पॉलिश पेपरची पट्टी घालून मागेपुढे ओढायचे, ते किती महत्त्वाचं होतं हे त्या दिवशी पटलं.

प्लेटखाली वजनं आणि स्प्रिंग असतात, वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी. माझी वजनं जुन्या तेलाने चिकटली होती. ती साफ करून, थेंबभर तेल देऊन, हाताने फिरवून सोडली की परत येतात ना हे बघितलं. नवीन किट बसवलं तरी हे काम जुनीच वजनं करतात, त्यामुळे ही साफसफाई टाळू नका.

खरं काम: वायरिंग

किट बसवायला वीस मिनिटं लागली, वायरिंगला तीन शनिवार. तरीही सांगेन, किटच्या आधी मीटर हातात घ्या.

पॉइंट मिटलेले ठेवून किल्ली दिली. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या) प्लसवर १०.७. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत गायब! मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवून दुसरं टप्प्याटप्प्याने कॉइलकडे नेलं. अ‍ॅमीटरमध्ये ०.३ गेले, किल्लीच्या स्विचमध्ये ०.४, वायरींमध्ये मिळून ०.३ आणि इंजिनजवळच्या प्लास्टिकच्या जोडात एकट्यात ०.९. तो जोड बोटाला कोमट लागत होता. उघडला तर पिना हिरव्या पडलेल्या.

सीबी पॉइंट हा साधा स्विच, व्होल्टेज कमी आलं तर कमी ठिणगी देईल, पण देईल. इलेक्ट्रॉनिक सेन्सर मात्र एका मर्यादेखाली कामच सोडतो. माझ्याकडे स्टार्टर फिरताना बॅटरी १०.२ वर उतरायची आणि कॉइलवर जेमतेम ८.१ पोचायचे. या वायरिंगवर किट बसवलं असतं तर इंजिन सकाळी घेतलंच नसतं आणि मी किटला दोष दिला असता.

तो जोड कापून टाकला, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची नवी वायर ओढली, किल्लीचा स्विच बदलला. आता फरक ०.३ व्होल्टचा.

कॉइलसुद्धा मोजा. माझी जुनी ३.४ ओहम भरली. नवीन ४ ओहमची घेतली, म्हणजे करंट तीन-साडेतीन अ‍ॅम्पियरच्या आसपास राहतो. दीड ओहमची जोरदार कॉइल किटमधल्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला लावू नका, त्यातून आठ-नऊ अ‍ॅम्पियर जातील आणि मॉड्यूल जळेल. आणि इंजिनाच्या खोलीत गाडीचे सुटे भाग नकोतच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी साचते. डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर, अल्टरनेटर हे सगळं ठिणगी बाहेर न पडू देणारं, होडीसाठी बनवलेलंच हवं. सुरू करण्याआधी ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटं, आणि मग स्वतःच्या नाकाने वास घेऊन बघा.

मॉड्यूलचं फार लिहिण्यासारखं नाही. पॉइंट आणि कंडेन्सर निघतात, त्या जागी सेन्सर. कॅमवर मॅग्नेटची कडी बसते, वर रोटर. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. उलटी लागली तर मॉड्यूल गेलं, म्हणून मी दोन्ही टोकांना रंगीत टेप लावून मगच किल्ली दिली. अर्थिंग डिस्ट्रिब्युटरच्या अंगातूनच मिळतं, तेव्हा स्क्रूखालची जागा चकाकेपर्यंत घासा.

मे

क्रेनने होडी पाण्यात उतरली. इंजिन पहिल्या फिरकीला लागलं. स्टार्टरचा आवाज पुरता कानावर यायच्या आत!

टायमिंग चालत्या होडीत लावलं. वारा नव्हता, पाणी सपाट. माझी लेक सुकाणूच्या दांड्याशी, नजर आरपीएमवर. मी जिना बाजूला काढून इंजिनावर ओणवा, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प किंचित सैल. केसभर फिरवायचं, थांबायचं. "एकोणीसशे पन्नास, बाबा... दोन हजार पन्नास... एकवीसशे... एकवीसशेच आहे... आता उतरलं." शेवटचं केसभर मागे घेतलं, क्लॅम्प आवळला. आता गिअरविना ७०० आरपीएमवर सोडलं तरी कॉफीचा कप टेबलावर सरकत नाही.

जून

यात चूक पूर्णपणे माझी. पेट्रोलचं गेज नीट दाखवत नव्हतं, ते तपासायला किल्ली चालू ठेवली आणि अर्धा तास इंजिन बंद. असं केलं की कॉइलमधून करंट सतत वाहत राहू शकतो. कॉइलला हात लावला तर चटका बसला. त्यानंतर ठिणगी नाहीच.

पॉइंट आणि कंडेन्सर मी गॅप तपासून, ग्रीस लावून, पिशवीत भरून नकाशांच्या खणात ठेवले होते. सोबत नवे पॉइंट आणि आखूड स्क्रू-ड्रायव्हर. नांगरावरच बसून ते लावायला पाऊण तास लागला, सूर्यास्ताच्या आत घरच्या धक्क्याला होतो.

जुलै

दुसरं मॉड्यूल आलं, बसवलं. पेट्रोलच्या गेजला इग्निशनच्या किल्लीपासून तोडून स्वतःचं बटण आणि फ्यूज दिला. आतापर्यंत या मॉड्यूलवर ३१ तास झाले, प्लग चारही फिकट तपकिरी. पिशवी परत खणात गेली आहे, कॅमवर लावायच्या ग्रीसची लहान डबी आता तिच्यातच असते.