सगळे स्वातंत्र्यवालेच, मग भांडता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. सोलापुरात पार्क चौकात चहाला थांबलो की कुणीतरी विचारतंच, अहो तुम्ही सगळे व्यक्तिस्वातंत्र्यवाले, माणसाला मोकळं सोडा, सरकारनं लुडबुड करू नये, एवढंच तर सगळ्यांचं म्हणणं, मग एकमेकांवरच का तुटून पडता?

मला वाटतं भांडण "माझं" या शब्दावर आहे. एखादी गोष्ट माझी झाली कशी, हे ठरल्याशिवाय तिच्यावर हात टाकणारा कोण हे ठरतच नाही. हे मला घरातच कळलं.

आमच्या आप्पांनी शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावून उमेदीची वर्षं घातली, शरद जोशींची सभा म्हणलं की पाणी धरायचं काम टाकून जायचे. निर्यातबंदी आली की मार्केट यार्डात कांद्याचं काय होतं हे त्यांनी सोसलंय, त्यामुळे बाजार खुला पाहिजे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मग हैदराबाद रोड चौपदरी झाला, आमच्या कोरडवाहू चार एकराला एकदम भाव आला आणि नेमकं तेव्हाच मी हेन्री जॉर्ज हा अमेरिकन अर्थविचारवंत वाचत होतो. 1879 सालच्या 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' मध्ये तो म्हणतो की पीक तुझं, विहीर तुझी, घर तुझं, त्यावर टॅक्स नकोच, पण नुसत्या जागेची किंमत भोवतालच्या लोकांमुळे येते, तर तेवढी त्यांना परत दे. मी हे आप्पांना सांगितलं. दोन दिवस घरात बोलणं बंद.

आता पूर्व भागातली एक लूमची शेड घ्या, मालक पुण्याला, चालवणारा भाडेकरू. बेंजामिन टकर हा अराज्यवादी, ज्यानं अमेरिकेत 1881 ते 1908 'लिबर्टी' नावाचं पत्र चालवलं, तो म्हणेल की जो जागा वापरतो त्याची, लांब बसून जागेचं भाडं घेणाऱ्याचा हक्क नाही. मरे रॉथबार्ड, सरकारच नको म्हणणारा अमेरिकन अर्थतज्ज्ञ, म्हणेल, पडीक जागा ज्यानं पहिल्यांदा वापरात आणली त्याची, नंतर त्यानं विकावी, भाड्यानं द्यावी, नाहीतर तशीच ठेवावी, त्याची मर्जी. दोघंही जबरदस्तीच्या विरोधात, पण भाडं थकवणारा माणूस एकाच्या हिशोबात हक्कदार आणि दुसऱ्याच्या हिशोबात चोर. मग भांडण कडक होणारच की. आणि जवळचे असल्यामुळे समोरच्याला "तुला स्वातंत्र्य नकोच" म्हणून उडवूनही लावता येत नाही.

आपल्या आगरकरांवर ज्याचा एवढा प्रभाव होता त्या हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताचं बघा, 1851 ला त्यानं लिहिलं की जमिनीवर खासगी मालकी न्यायाची नाही, म्हातारपणी ते मागे घेतलं, आणि 1892 ला जॉर्जनं त्याच्याविरुद्ध अख्खं पुस्तक काढलं. एका माणसाच्या आतच दोन पक्ष होते म्हणजे!

सरकारचंही तसंच. आयन रँड या अमेरिकन लेखिकेला कर सक्तीचा नको होता पण पोलीस-कोर्ट एकाच सरकारकडे हवं होतं, रॉथबार्ड म्हणायचा की दुसऱ्याला संरक्षणाचा धंदा करू न देणं हीच जबरदस्ती. रॉबर्ट नॉझिक या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1974 ला दाखवायचा प्रयत्न केला की कुणाचाही हक्क न मोडता छोटं सरकार उभं राहू शकतं. मला त्याचंच जास्त पटतं, कारण बांधाचं भांडण पैसेवाल्याच्या पहारेकऱ्यांनी मिटवलेलं मला चालणार नाही.

जमिनीबाबत मी अजून जॉर्जकडेच आहे. पण परवा आप्पा म्हणाले, "किंमत माझ्या कष्टानं किती वाढली अन् रस्त्यानं किती, हे मोजणार कोण? सरकारी माणूसच ना? ज्याच्यापासून सुटायला मी बिल्ला लावला तोच परत माझ्या बांधावर आणून उभा करणार तू?" यावर माझ्याकडं अजून उत्तर नाही.